पावसाळ्यात गांडूळखताचा डबा दरवर्षी का बिघडतो? आत्ता करायचे उपाय आणि फेब्रुवारीत करायची तयारी

पाऊस धरला की आठ-दहा दिवसांत तेच निरोप यायला लागतात. नाशिकच्या गंगापूर रोडवरून, सिडकोतून, इंदिरानगरमधून, नाशिकरोडहून. "डबा घाण वास मारतोय." "सकाळी पाहिलं तर गांडुळं झाकणाला चिकटलेली, काही गच्चीवर जाऊन मेली." "खाली सगळा काळा चिखल झालाय, टाकून देऊ का?" आणि त्यापुढचं वाक्यही ठरलेलं: उन्हाळाभर छान चाललं होतं हो, मी वेगळं काहीच केलं नाही.

वेगळं काही केलं नाही, म्हणूनच डबा बिघडला.

भाजीची देठं, दुधीची सालं, काकडीचे शेंडे, पालेभाजीची खराब पानं यांत वजनाच्या 85 ते 95 टक्के पाणीच असतं. एप्रिल-मेमध्ये नाशिकची हवा इतकी कोरडी असते की हे पाणी आपोआप उडून जातं. उलट आपल्यालाच वरून पाणी शिंपडावं लागतं आणि गोणपाट ओलं ठेवावं लागतं. जुलैत हवाच दमट. डब्यातलं पाणी उडायला जागा नाही. ओला कचरा मात्र आपण मे महिन्याच्याच मापानं टाकत राहतो, पाणी शिंपडायची सवयही सुटलेली नसते. ते पाणी खाली उतरतं, तळाच्या बारीक खतात मुरतं आणि कणांमधल्या पोकळ्या भरून टाकतं. गांडूळ कातडीनं श्वास घेतं. कातडी ओली हवी हे खरं, पण त्या ओलीभोवती हवाही खेळती हवी. हवा कोंडली की बिनहवेचे जिवाणू बळावतात, सडका वास सुटतो आणि गांडुळं जीव वाचवायला वर चढतात.

म्हणून डबा पत्र्याखाली आहे, त्यावर पावसाचा थेंबही पडत नाही, तरी तो बिघडतो. पाणी पावसाचं नसतं, आपल्या स्वयंपाकघरातलंच असतं.

आधी नाक, मग मूठ

औषधपाणी सुरू करण्याआधी झाकण काढून वास नीट घ्या. वासावरून बरंच कळतं.

सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे तळाशी पाणी साचलंय, हवा नाही. पावसाळ्यात सर्वांत जास्त आढळतो तो हाच. आंबूस, ताडीसारखा वास म्हणजे फळं जास्त झाली आणि आंबायला लागली. द्राक्षाच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, मण्यांचा ढीग एकदम टाकला की हमखास असं होतं. डोळ्यांना झोंबणारा, गोठ्यासारखा वास म्हणजे नत्र जास्त: ताजं शेण, ओलं गवत, शिळी डाळ, उसळ. गणपती आणि दसऱ्यानंतर झेंडूचं निर्माल्य एकाच दिवशी ओतलं तरी हा वास येतो, आणि सोबत डबा आतून तापतो. मेलेल्या माशासारखा वास आला तर मात्र गांडुळं मरून सडायला लागली आहेत. तिथे थांबायला वेळ नाही.

एक वास फसवा आहे. जुलै-ऑगस्टात घरात किंवा कांदाचाळीत साठवलेला उन्हाळी कांदा सडायला लागतो आणि तो थोडासा जरी डब्यात गेला, तरी सगळा डबा सडल्यासारखा वाटतो. कांद्याचा वास त्यातल्या गंधकाच्या संयुगांचा असतो. तो तुकडा शोधून काढला की वास जातो. कांद्याची कोरडी, कागदासारखी टरफलं चालतात, सडलेला कांदा नको.

आता मूठ. वरचा थर पाहून ठरवू नका. वरचा भाग बऱ्याचदा ठीकच दिसतो, कधी कोरडाही असतो, आणि बोटभर खाली नुसता गाळ असतो. हातमोजा घालून हात थेट तळापर्यंत न्या, तिथला मूठभर माल वर काढा आणि जोरात दाबा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले, मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोटानं टोचताच भुगा होऊन सुटला, तर ओल बरोबर आहे. धार लागली, किंवा माल शेवाळासारखा बुळबुळीत होऊन बोटांतून निसटला, तर पाणी जास्त आहे. दाबूनही हाताला ओल लागली नाही तर डबा कोरडा आहे, पण पावसाळ्यात असं क्वचितच होतं. थर्मामीटर असेल तर मधोमध खुपसून बघा. आयसेनिया जातीची गांडुळं 15 ते 25 अंशांत खुशीत असतात. 35 च्या पुढे गेलं तर ती मरू लागतात.

आज संध्याकाळी काय करायचं

खाऊ घालणं बंद करा. काकुळतीला येऊन, गांडुळं उपाशी मरतील म्हणून लोक याच वेळी जास्त टाकतात. ती उपाशी मरत नाहीत. डब्यात अर्धवट कुजलेलं अन्न आठवडे पुरेल इतकं असतं. पाणीही बंद. डब्याला खाली निचऱ्याचा नळ असेल तर तो पूर्ण उघडा, डबा नळाच्या बाजूला थोडा कलता करा आणि खालचं भोक गाळानं बुजलंय का ते तारेनं मोकळं करून पाहा. बहुतेक डब्यांत ते बुजलेलंच असतं.

मग वर दिसणारे सडके गोळे उचलून बाजूला काढा: अख्खा बटाटा, भाताचा लगदा, चपातीची थप्पी. ते झाडाखाली खड्ड्यात पुरा.

यानंतरचं काम नीट वेळ काढून करायचं. डब्याच्या एका बाजूचा माल दुसऱ्या बाजूला सारून अर्धी जागा रिकामी करा. त्या रिकाम्या जागेत कोरडा, चुरलेला पाला किंवा कागदाच्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत भरा आणि वर ओंजळभर जुनं, चांगलं गांडूळखत पसरा. जास्त बिघडलेली बाजू पंजानं अलगद सैल करा, पूर्ण उलथापालथ नको. कोरडा भाग पाणी ओढून घेतो आणि गांडुळं स्वतःहून तिकडे सरकतात. दोन-तीन दिवसांत हात घालून बघा, मधल्या सीमेवर त्यांची झुंबड दिसेल. आठवड्यानं उरलेल्या अर्ध्या भागातही कोरडा माल मिसळा. सगळा डबा रिकामा करून, गांडुळं धुऊन पुन्हा भरायचा उद्योग करू नका. त्यात अंडकोश (गांडुळांची अंडी असलेले बारीक कोश) फुटतात, गांडुळं जखमी होतात आणि मूळ कारण तसंच राहतं.

गांडुळं पळत असतील तर पहिल्या तीन-चार रात्री डब्यावर छोटा बल्ब लावून ठेवा आणि झाकण काढून त्या जागी जाळी टाका. त्यांना उजेड सहन होत नाही, ती खालीच राहतात. काठाला चार बोटं कोरडी कडा ठेवली तरी वर चढणं कमी होतं. मुसळधार रात्री निरोगी डब्यातलीही थोडी गांडुळं हिंडतात, कारण ओल्या पृष्ठभागावर त्यांची कातडी सुकत नाही. विशेषतः तुमच्याकडे युड्रिलस जातीची गांडुळं असतील तर. आयसेनिया लालसर, अंगावर फिकट पट्टे असलेली, तीन-चार इंचांची. युड्रिलस जाडजूड, जांभळट तपकिरी, उजेडात निळसर चमकणारी आणि बरीच लांब. दहा-वीस बाहेर आली तर घाबरायचं कारण नाही. गुच्छच्या गुच्छ झाकणाला लागले असतील तर आत नक्की काहीतरी बिघडलंय.

चुना टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. मी नाही देणार. चुना आंबटपणा झटक्यात कमी करतो खरा, पण नत्र जास्त असलेल्या डब्यात त्यामुळे अमोनिया सुटतो आणि उरलीसुरली गांडुळंही जातात. आंबूस वास असेल तर अंड्याची कवचं वाळवून, मिक्सरवर पूड करून मूठभर भुरभुरा. हळू काम करते, पण घात करत नाही.

जुलैचा प्रश्न फेब्रुवारीत सोडवायचा

वरचं सगळं वाचून लोक विचारतात, कोरडा पाला आता आणायचा कुठून? बाहेर चिंब पाऊस, जमिनीवर पडलेलं पान पानासारखंही राहिलेलं नाही. हीच खरी गोम आहे. ज्या दिवसांत कोरड्या मालाची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवसांत तो मिळत नाही. आणि ज्या दिवसांत तो रस्त्यावर ढिगांनी पडलेला असतो, त्या दिवसांत आपण तो जाळतो.

पानगळीच्या दिवसांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कॉलनीत सकाळी फिरून बघा. पिंपळ, बदाम, कडुनिंब यांच्या पानांचे ढीग झाडून कोपऱ्यात लावलेले असतात आणि दुपारपर्यंत त्यांना काडी लागलेली असते. त्यातल्या तीन-चार गोण्या उचलून आणा. बदामाचं पान मोठं, वाळलं की हातानं कुस्करता येतं, माझ्या अनुभवात सर्वांत सोयीचं. पिंपळाचंही चांगलं. कडुनिंब इतर पाल्यात मिसळून थोडा घाला, नुसता नको. आंब्याचं पान चिवट असतं, लवकर कुजत नाही. पण पोकळी टिकवायला तेही कामाचं. गोण्या उन्हात दोन दिवस उघड्या ठेवून पूर्ण वाळवा, पायानं तुडवून चुरा करा, तोंड बांधा आणि जिन्याखाली किंवा पोटमाळ्यावर कोरड्यात ठेवा. चार माणसांच्या घराला पावसाळ्यापुरतं एवढं भरपूर होतं.

माप सोपं: एक वाटी ओला कचरा, तर उन्हाळ्यात एक वाटी कोरडा पाला आणि पावसाळ्यात दोन. दर वेळी, न चुकता. ओला कचरा उघडा कधीच सोडायचा नाही. पाल्यात खळगा करायचा, त्यात टाकायचा, वर पाला ओढायचा.

गोणी भरून ठेवली नसेल तर यंदापुरतं काय? वर्तमानपत्राच्या पट्ट्या चालतात, गुळगुळीत रंगीत पुरवण्या नकोत. पुठ्ठ्याच्या खोक्यांवरची टेप काढून ते फाडा. अंड्यांचे कागदी ट्रे तर फार उत्तम, पाणी शोषतात आणि त्यांच्या खळग्यांत हवा राहते. घोटी-इगतपुरीकडे कुणी जाणारं असेल तर तिथल्या भाताच्या गिरणीतून पोतंभर तूस मागवा. ते लवकर कुजत नाही, पण डबा सैल ठेवतं. शहाळेवाल्याकडची नारळाची शेंडी सोलून, वाळवून, तोडून टाकता येते. रसवंतीवरची चिपाडं घ्यायची तर आधी कडक वाळवा, नाहीतर उरलेल्या गोडव्यावर मुंग्यांची रांग लागते. सुताराकडचा भुसा घेताना विचारा. प्लायवूडचा असेल तर त्यात डिंक-रसायनं असतात, तो घेऊ नका.

आणि आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट ठासून सांगायची आहे. द्राक्षमळ्यात नातेवाईक असतात, एप्रिलची खरड छाटणी किंवा ऑक्टोबरची फळ छाटणी झाली की द्राक्षवेलीचा पाला आणि काड्या फुकट मिळतात. ते डब्यात घालू नका. द्राक्षबागेत भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांसाठी वर्षभर फवारण्या चालतात, त्यात बोर्डो मिश्रणासारखी तांबंयुक्त बुरशीनाशकं असतात. तांबं कुजून नाहीसं होत नाही, डब्यात साचत जातं आणि गांडुळांना ते विषारी आहे. एकदम सगळी मरणार नाहीत. अंडकोश कमी होतील, पिल्लं दिसेनाशी होतील आणि तुम्हाला कारण कळणार नाही. बाजारात घेतलेल्या द्राक्षांचे चार मणी, देठं हा वेगळा विषय, तेवढ्यानं काही होत नाही. गोण्या भरून बागेतला पाला मात्र नको. हाच नियम ताज्या शेणाला: ते तापतं, आणि गुरांना जंताचं औषध दिलं असेल तर त्याचा अंश शेणात उतरलेला असू शकतो. शेण घ्यायचं तर निदान दोन-तीन आठवडे सावलीत पडून थंड झालेलं.

डब्यातले बाकीचे रहिवासी

पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक किडे दिसले की लोकांना गांडुळांची पिल्लं वाटतात. पिल्लं लालसर असतात आणि अंगातली रक्ताची रेघ दिसते. हे पांढरे किडे निरुपद्रवी आहेत, पण ते वाढले म्हणजे डबा ओला आणि आंबट झालाय. चिलटं म्हणजे अन्न उघडं राहतंय; वर पाला आणि त्यावर ओलसर वर्तमानपत्राचं पूर्ण पान अंथरा. राखाडी, चपट्या, जाड अळ्या वळवळताना दिसल्या तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. गांडुळांना खात नाहीत, पण अन्न फस्त करतात आणि डबा तापवतात. आठवडाभर खाणं बंद ठेवलं की कमी होतात. चिमट्यानं काढून पक्ष्यांना घातल्या तरी चालतं. लाल माईट्सचा (टिंबाएवढ्या बारीक कोळीकिड्यांचा) थर आला तर कलिंगडाचं साल रात्री पालथं ठेवा, सकाळी त्यावर जमलेल्या माईट्ससकट फेकून द्या.

मुंग्या मात्र उलट सांगतात: डबा कोरडा आहे. मुंग्यांची पावडर किंवा खडू डब्याजवळ नेऊ नका, गांडुळं मरतात. डबा विटांवर किंवा स्टँडवर ठेवून पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करा. बैठ्या घरात चिचुंद्री येते आणि ती गांडुळं आवडीनं खाते, तिथे बारीक जाळी हवीच.

उन्हाळ्यात आणि थंडीत डबा हलवायची तयारी ठेवा. मेमध्ये गच्चीच्या स्लॅबवर थेट ठेवलेला प्लास्टिकचा डबा भट्टी होतो. विटा, सावली, हिरवी जाळी आणि ओलं गोणपाट लागतं. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः ओझर-निफाडच्या बाजूला, रात्रीचा पारा एक आकडी होतो तेव्हा गांडुळं मंदावतात, युड्रिलस तर फारच. खाणं अर्ध्यावर आणा, डबा भिंतीच्या आडोशाला घ्या, भोवती गोणपाट गुंडाळा.

खत काढायचं कधी, वापरायचं कसं

पावसाळा सोपा करायचा आणखी एक उपाय म्हणजे मेच्या शेवटी खत काढून घेणं. बारीक झालेलं खत जितकं जास्त, तितकं पाणी धरून ठेवतं आणि तितका गाळ लवकर होतो. भरलेल्या डब्यानं पावसाळ्यात जाऊ नका. निम्मं काढा, निम्मं ठेवा, वर कोरडा पाला भरा. काढलेल्या खताचे उजेडात छोटे ढीग करा. गांडुळं तळाशी जातात, वरून वरून खत खरवडत राहायचं.

कुंडीसाठी मिश्रणाचा पाचवा हिस्सा गांडूळखत पुरे. नुसत्या गांडूळखतात रोप लावलं तर पाणी धरून मुळं कुजतात, पावसाळ्यात तर नक्कीच. उभ्या झाडाला, गुलाब असो, टोमॅटो असो की कढीपत्ता, वरची माती थोडी उकरून दोन मुठी मिसळा आणि पाल्यानं झाका. उन्हात उघडं पडून कडक वाळलेलं खत निम्मा जीव गमावून बसतं. साठवायचं तर ओलसर, सावलीत, सैल बांधलेल्या गोणीत.

नळातून येणाऱ्या तपकिरी पाण्याबद्दल. त्याला सरसकट व्हर्मीवॉश म्हणतात, पण तो डब्याचा निचरा असतो. व्हर्मीवॉश म्हणजे गांडुळांनी भरलेल्या, नीट कुजलेल्या मालातून मुद्दाम स्वच्छ पाणी झिरपवून घेतलेला अर्क. निचऱ्याला वास नसेल तर दहापट पाणी घालून शोभेच्या झाडांच्या मुळाशी द्या. वास मारत असेल, जसा बिघडलेल्या डब्याचा मारतोच, तर कुंड्यांना देऊ नका, कंपाउंडमधल्या मोठ्या झाडाखाली ओता. कच्च्या खायच्या पालेभाजीवर, कोथिंबिरीवर तो शिंपडायचाच नाही.

पुन्हा खाऊ घालायला केव्हा सुरुवात?

तळातली मूठ दाबून एक-दोन थेंबच येत असतील आणि वास ओल्या मातीचा असेल, तर. सुरुवात एका कोपऱ्यात वाटीभरानं करा. तीन-चार दिवसांनी तिथे पाहा. ते ओळखू येईनासं झालं असेल तर पुढची वाटी, नसेल तर थांबा. चांगल्या परिस्थितीत गांडुळं रोज स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं खातात असं म्हणतात, पण सावरणाऱ्या डब्याला हा हिशेब लावू नका.

आणि एकही जिवंत गांडूळ दिसत नसेल तरी लगेच नवीन कल्चर (डब्यात सोडायची गांडुळं) विकत आणू नका. माल सैल करून, कोरडा पाला मिसळून, झाकून ठेवा आणि अंडकोश शोधा: तीन-चार मिलिमीटरचे, दोन्ही टोकांना निमुळते, लिंबाच्या आकाराचे, ताजे पिवळसर, फुटायला आलेले तांबूस. गांडुळं मेल्यावरही ते बऱ्याचदा तगून राहतात आणि एकेकातून दोन-तीन पिल्लं निघतात. तीन ते चार आठवडे वाट पाहा, ओल सांभाळा, खायला काही घालू नका. तोवर पांढरट लालसर दोऱ्यासारखी पिल्लं दिसली नाहीत, तर मग नवीन कल्चरसाठी मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या रोपवाटिकेत चौकशी करा, आणि घेताना जात कोणती ते विचारूनच घ्या. बागेतल्या मातीतली गांडुळं खणून आणून डब्यात सोडू नका. ती जमिनीत बिळं करून राहणारी, नुसत्या कचऱ्यावर जगत नाहीत.

नवीन कल्चर टाकण्याआधी तयार केलेल्या मालात दहा-वीसच गांडुळं सोडून दोन दिवस बघा. ती आत शिरून तिथेच राहिली तर बाकीची सोडा. वर आली तर माल अजून तयार नाही, आठवडाभर थांबा.